बारशाआधीचा तिसरा डोस

हेमलताची किडनी बदलली त्या दिवसापासून घरातलं एकही दार लागेना. ऑपरेशन झालं पुण्यात आणि दारं बिघडली विट्यात, पण वेळ एकच होती, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. तिच्या धाकट्या भावानं, बापूनं, सुताराला बोलावलं. सुतारानं रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या, कडीला तेल सोडलं. कडी घातली की ती कोयंड्यात नीट बसायची आणि माणूस पाठमोरा झाला की हळूच बाहेर यायची. सुतार तीन दिवस खपला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "दारात काय खोट नाही बापूसाहेब. लागायचं त्याच्या मनातच नाही." मग हत्यारं पिशवीत भरून तो निघून गेला.

हॉस्पिटलच्या कागदावर हे लिहिलेलंच होतं. काय खायचं, काय टाळायचं, टाके कधी काढायचे आणि सगळ्यात खाली: दारे लागणार नाहीत, हे अपेक्षित आहे. बापूनं तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि विषय संपवला.

तीन आठवड्यांनी हेमलता घरी आली. गाडीतून आधी ती उतरली आणि तिच्या मागून एक बाई उतरल्या. चाळिशीच्या असतील, पदर खोचलेला, पायात काही नाही. कुणाला काही न विचारता त्या हेमलताच्या खोलीतल्या मोरीत गेल्या, पाटावर बसल्या, घागरीच्या तोंडाला पंचा बांधला आणि पाणी गाळायला लागल्या. गाळलेलं एका बाजूला, गाळ दुसऱ्या बाजूला. दिवसभर तेच चालायचं. कागदावर किडनी देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, नाव सांगता येत नाही. म्हणून सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायला लागले.

हेमलता मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. चार वर्षं आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिसच्या मशीनवर जाऊन ती पार पिचून गेली होती. आता मोरीतलं पाणी वाजायला लागलं की तिचे सुजलेले पाय उतरायचे आणि तिला भरल्या पोटी यावी तशी झोप यायची. बाईंच्या पाया पडावं असं तिला फार वाटायचं, पण बाई कायम पाठमोऱ्या असायच्या.

आणि मामा. घरात मधोमध एक बोळ होता. एका टोकाला हेमलताची खोली, दुसऱ्या टोकाला बापूची आणि मध्ये रस्त्याकडचं दार. त्या दाराशी स्टुलावर खाकी कपड्यातला एक म्हातारा माणूस काठी मांडीवर आडवी घेऊन पेंगत बसलेला दिसू लागला. तो नवा नव्हता. हेमलताच्या जन्मापासून तो तिथंच होता. इतकी वर्षं जागा होता म्हणून कुणाच्या नजरेला पडला नव्हता.

"तुमच्या गोळ्या मामांसाठी आहेत ताई," तांबोळी सिस्टर म्हणाल्या. त्या सरकारी दवाखान्यातून दर मंगळवारी खांद्याला निळा डबा अडकवून यायच्या. "सकाळी आठ, संध्याकाळी आठ, एकदाही चुकवायच्या नाहीत. मामा पुरते जागे झाले तर ते बाईंना ओळखणार नाहीत. मनगटाला धरून बाहेर काढतील."

"आणि मामा झोपलेले बघून बाहेरचं कुणी आत आलं तर?"

"येणारच की. त्यासाठीच मी येते."

पण सिस्टरांचं टोचायचं काम सुरू व्हायच्या आधीच बाहेरचा पहिला आला. तपकिरी सफारी सूट, हातात चामडी बॅग, वागायला अगदी सभ्य. दार उघडंच होतं, तो उंबऱ्याशी थांबून एकदा रुमालात खोकला. आता या घराची रीत अशी की आलेल्याला "बसा" म्हटल्याशिवाय कुणाची जीभ वळायची नाही आणि चहा घेतल्याशिवाय कुणाला उठू द्यायचं नाही. हेमलताच्या तोंडून "बसा" निघून गेलं. तो बसला. चहा झाला, पोहे झाले आणि गृहस्थ अठरा दिवस उठला नाही. पहिल्या दिवशी त्यानं आपली बॅग हेमलताच्या पायाशी ठेवली, तिसऱ्या दिवशी छातीवर. तिला दवाखान्यात हलवली तेव्हा तोही रिक्षात बसून बरोबर आला. मामा स्टुलावर घोरत होते. अठराव्या दिवशी तो स्वतःच्या मनानं गेला, पण जाताना पुन्हा येईन असं सांगून गेला. हेमलता घरी आली ती निम्मी होऊन. बोळात उभं राहून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासून या घरात कुणी कुणाला बसा म्हणायचं नाही." तिला हे बोलताना लाज वाटली, तरी ती बोलली.

पुढच्या मंगळवारी सिस्टरांनी निळा डबा उघडला. आत बर्फाच्या पट्ट्यांमध्ये छोट्या बाटल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीत पासपोर्टाएवढा एकेक फोटो तरंगत होता. एकात सफारी सूटवाला होता. सिस्टरांनी सिरिंजमध्ये तो फोटो ओढून घेतला, घडी न पडता तो आला, आणि हेमलताच्या दंडात टोचला. मग त्या बोळात गेल्या आणि मामांच्या कानाशी वाकल्या.

"मामा, हा कोण?"

मामा घोरत राहिले.

"जाग्या माणसाला एकदा दाखवलं की पुरतं," सिस्टर म्हणाल्या. "झोपलेल्याला पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. काही मामा शिकतात, काही नाही शिकत."

"आमचे शिकतील," हेमलता म्हणाली. उसवलेली शिवण दहादा घालून घेणारी बाई ती, मामांना काय सोडणार होती.

त्याच्या दुसऱ्या फोटोनंतर मामा झोपेत "पाव्हणं" असं पुटपुटले. सिस्टरांनी कार्डावर काहीच लिहिलं नाही.

डब्यात तळाशी एक वेगळी बाटली होती. तिच्यातल्या फोटोत ठिपक्यांच्या साडीतली एक बाई होती आणि ती हलत होती. पदर सारखा करत होती, बाहेर बघत होती. हेमलतानं ती मागितली.

"ही नाही देता येत," सिस्टर म्हणाल्या. "हा फोटो जिवंत आहे. मामा जागे असलेल्या घरात ती चुपचाप चेहरा दाखवून जाते. तुमच्या घरात फोटोतून उतरून बसेल. ऑपरेशनच्या आधी घ्यायचा होता."

हेमलताला ते आठवत होतं. टोचायला बोलावलं होतं त्या आठवड्यात शाळेचं प्रदर्शन होतं. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणून ती थांबली आणि पंधरा दिवसांत किडनी मिळाल्याचा फोन आला. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात बापूला मुलगी झाली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेली. वहिनी दवाखान्यातून आली ती बाळाला घेऊन थेट आपल्या खोलीत गेली, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत्यापासून अंतर ठेवा. घरानं ते ऐकलं. पहिल्या दिवशी बोळ सात पावलांचा होता तो वीस पावलांचा झाला. तिसऱ्या दिवशी वहिनीनं हात केलेला हेमलताला दिसेनासा झाला. चौथ्या दिवशी बाळाचं रडणं तिच्या खोलीत पोचेपर्यंत बाळ दूध पिऊन झोपलेलं असायचं.

वजन करायला सिस्टरांनी बाळाला काट्याच्या झोळीत ठेवलं. काटा शून्यावरून हलला नाही. त्यांनी झोळी काढून पुन्हा लावली, तरी शून्यच.

"नाव नाही म्हणून होत असेल," त्या म्हणाल्या. "बारा दिवस वाट बघू. त्याच्यापुढं मात्र असं बरं नाही."

नाव आत्यानं सांगायचं असतं. बारशाला पाळण्यात वाकून कानात. ते नाव हेमलतानं मशीनच्या खुर्चीवर बसून चार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं आणि तिथल्या नर्सलासुद्धा सांगितलं नव्हतं. वहिनीनं गरोदरपणातच तिचे हात धरून सांगून ठेवलं होतं, "वन्सं, नाव तुम्हीच सांगायचं. दुसऱ्या कुणाचं मी लावून घेणार नाही."

बापू मात्र घाबरट. लहानपणी बेडकाला भ्यायचा, आता सगळ्यालाच. फोन करून म्हणाला, "अक्का, एवढ्या बायका येणार. कोण काय घेऊन येईल सांगता येत नाही. तू फोनवरून सांग, आम्ही पोरीच्या कानाला फोन लावतो."

"फोनवर सांगितलेलं नाव फोनला लागतं," हेमलता म्हणाली. "मी येणार आहे."

"बोळ केवढा झालाय बघितलास का?"

"चालत येणार आहे."

पाचव्या दिवशी हेमलताच्या आईनं घोळ घातला. आई घरातली कर्ती आणि तिला कुणाला पेंगताना बघवायचं नाही. शाळेतून आल्यावर अभ्यासाला बसलेली हेमलता डुलकी घ्यायला लागली की आई तिच्या डोळ्यांना पाणी लावायची. आता तिनं गुळवेल, सुंठ, मिरं टाकून वाटीभर काढा आटवला आणि तो मामांच्या तोंडाला लावला.

"दारावरचा माणूस असा असतोय व्हय?" ती म्हणाली. "प्या मामा. जरा तरतरी येऊ दे अंगात. माझ्या लेकीचं घर राखायचंय तुम्हाला."

मामांनी वाटी रिकामी केली आणि डोळे उघडले. ते डोळे तरुण माणसाचे होते. मामा उठले, काठी घेतली आणि हेमलताच्या खोलीकडे निघाले. त्यांच्यासाठी बोळ चार पावलांचाच होता. मोरीत जाऊन त्यांनी बाईंचं मनगट धरलं. घागर कलंडली, पाणी वाजायचं थांबलं. हेमलताच्या पायांना लगेच सूज चढली आणि बोटातली अंगठी रुतली. ती खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"ह्या कोण?" मामांनी विचारलं.

"आमच्या आहेत."

"नाव?"

"नाव सांगता येत नाही."

"मग ह्यांना जायला पाहिजे," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते आपलं काम करत होते.

हेमलतानं बाईंचं दुसरं मनगट धरलं. बाईंचा हात थंड आणि ओला होता आणि त्यांनीही तो सोडवून घेतला नाही. एका बाजूनं मामा, एका बाजूनं हेमलता, असं तीन दिवस चाललं. सिस्टरांनी पुण्याच्या डॉक्टरांना विचारून दारातच सलाईन अडकवलं आणि तिला तिथंच उभ्या उभ्या मोठं औषध सुरू केलं. आई बोळात बसून रडत होती. "माझंच चुकलं गं हेमे. मला वाटलं चांगलं होईल." हेमलताला बोलायला श्वास नव्हता, पण मोकळ्या हातानं तिनं आईच्या डोक्यावरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मामांना जांभई आली. त्यांची मूठ सैल झाली. बापूनं त्यांना काखेत धरून स्टुलावर नेऊन बसवलं. बाईंनी घागर उभी केली आणि पंचा पिळून पुन्हा बांधला.

बारशाला चार दिवस होते.

"सफारीवाल्याचा तिसरा फोटो आज द्या," हेमलता म्हणाली.

"मामा आता पहिल्यापेक्षा गाढ झोपलेत ताई. दिसणार नाही त्यांना."

"दिला तर वाईट होईल?"

सिस्टरांनी पुण्याला फोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि ठेवला. "वाईट होणार नाही म्हणतात. हा फोटो मेलेला आहे. पण उपयोग होईल याची खात्री देत नाहीत."

"खात्री कोण मागतंय? द्या."

दिला. मग राहिली ठिपक्यांच्या साडीवाली. तिच्यासाठी हेमलतानं कात्री बाजूला ठेवली आणि पेन घेतलं. बारशाच्या पत्रिका तिनं स्वतःच्या हातानं लिहिल्या. कृपया आहेर आणू नये, दंड दाखवून आत यावे. गल्लीत आधी हशा झाला, मग बायका एकमेकींना विचारायला लागल्या. जिवंत फोटो हेमलताला चालत नव्हता, पण ज्यांचे मामा जागे होते त्यांना चालत होता. ज्यांनी तो कधी घेतला नव्हता अशा सगळ्यांना सिस्टरांनी ओसरीवर रांगेत बसवून तो दिला. बापूला पहिला. तो डोळे मिटून बसला होता, सुई निघून गेल्यावरही त्यानं ते उघडले नाहीत.

अकराव्या दिवशी परीक्षा. सिस्टरांनी तपकिरी सफारीचा कोट वेगळ्या काठीला अडकवून दारात धरला.

"मामा, हा कोण?"

सिस्टरांनी कोट दोनदा हलवला. मग मामांचे ओठ हलले. "खोकला," ते झोपेत म्हणाले आणि त्यांच्या मांडीवरची काठी वीतभर वर उचलली गेली. पुन्हा खाली आली.

"वीतभरच आहे," सिस्टर म्हणाल्या.

"वीतभरात जाऊन यायचं," हेमलता म्हणाली. त्या दिवशी तिनं अंगडं-टोपड्याला शेवटची लेस लावली.

बाराव्या दिवशी सकाळी सहाला ती निघाली. निघण्याआधी गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या, बाईंनी गाळलेल्या पाण्याची बाटली घेतली, नाकातोंडावर मास्क लावला. स्टुलापाशी येऊन तिनं मामांच्या खांद्याला हात लावला. "चला मामा. झोपेतच चला." मामा उठले, मिटल्या डोळ्यांनी तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि मागून चालू लागले. भिंतीवरची मीटरची पेटी तीन वेळा आली. आठ वाजता तिनं उभ्यानं गोळ्या घेतल्या, मागे मामांनी जांभई दिली, आणि दोघं पुढं चालू लागले.

बोळ ताणल्यानं स्टुलापासूनही लांब गेलेलं रस्त्याकडचं दार आलं तेव्हा सफारी सूटवाला उंबऱ्यात उभा होता. बॅग घेऊन.

"बसू का?" त्यानं विचारलं.

हेमलताच्या जिभेवर तो शब्द आला. शेचाळीस वर्षांची सवय, ती अशी जात नाही. तिनं दात आवळले आणि शब्द गिळला. मागून मामांची काठी वर आली, वीतभर, मग आणखी चार बोटं. गृहस्थानं काठीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि एक पायरी खाली उतरला.

त्याच्या मागं ठिपक्यांच्या साडीवाली होती, हातात विकतचं टोपडं. पण तिथून पुढं गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. बाह्या वर सारलेल्या, हातात हात गुंतवलेले, बोळाच्या दोन्ही अंगांना पार पाळण्यापर्यंत. मध्ये आई होती, बापू होता. ठिपक्यांवाली त्या रांगेच्या बाहेरून चालत राहिली, दर दोन माणसांमध्ये वाकून बघत, आणि हेमलता आतून चालत राहिली. बापूनं हात सोडला नाही. आपला भित्रा भाऊ असा उभा राहील असं हेमलताला वाटलं नव्हतं.

पाळण्याशी वहिनी उभी होती. "वन्सं, लई वेळ लागला," ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. पाळणा म्हणून झाला. कुंच्यात बाळ जागं होतं, सुपारीएवढी मूठ हलवत होतं. हेमलता वाकली आणि चार वर्षं जपलेलं नाव तिनं त्याच्या उजव्या कानात सांगितलं.

"नीरजा."

"कुर्र," म्हणत बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. आनंदाचे धपाटे, कुणी हात आखडला नाही. हेमलताच्या पाठीला चिकटून मामा उभे होते हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. निम्मे धपाटे त्यांना बसले.

लांब दुसऱ्या टोकाला पाणी वाजायचं थांबलं. मग ओल्या पायांचा आवाज बोळातून आला, जवळ जवळ येत. बाई आल्या. पहिल्यांदाच सगळ्यांना त्यांचा चेहरा नीट दिसला, साधा, थकलेला, गोड. पदराला हात पुसून त्या पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, वाकल्या आणि बाळाच्या डाव्या कानात काहीतरी बोलल्या. काय ते हेमलताला ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही.

मामांनी डोळे उघडले. पदर सोडला, काठी नीट धरली आणि ते हेमलताच्या पुढं आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"ह्या कोण?"

बायकांचे हात अजून एकमेकींत गुंतलेले होते. हेमलतानं पाळण्यावरून हात लांब करून बाईंचं मनगट पकडलं.

"आमच्या आहेत," ती म्हणाली.

"नाव?"

सांगितलं असेल तर ते एकट्या बाळाला. हेमलतानं खाली पाहिलं. तिच्यामागोमाग वहिनीनं, आईनं, बापूनं, एकेक करून सगळ्यांनी पाळण्यात पाहिलं. मामाही काठी टेकून वाकले.

बाळानं तोंड उघडलं.